जड मशीनला चाकं लावताय? आधी ते उभं कशावर राहणार ते ठरवा

जागा कमी आणि मशीनं जास्त असं झालं की सगळ्यांच्या डोक्यात एकच येतं, चाकं लावून टाकू, लागेल तेव्हा मधे ओढू आणि काम झालं की भिंतीला सरकवू. विचार चांगलाच आहे. पण बरेच जण दिसायला दणकट वाटणारी चार चाकं आणतात, भोकं पाडून बोल्ट मारतात आणि मग पहिली जाड फळी टेबल सॉवर (टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर) ढकलली की फळीबरोबर सॉ पण निघतो पुढे. ब्रेक लावलेला असतो बरं का, तरीही.

मशीन सरकवायला मिनिटभर लागतं, उरलेला सगळा वेळ ते एका जागी उभं असतं आणि खरा जोर, खरे हादरे त्या उभ्या वेळातच बसतात. त्यामुळे कॅस्टर (म्हणजे प्लेट आणि फोर्कसकट येणारं चाक) घेताना मी आधी हे बघतो की थांबल्यावर मशीन कशावर उभं राहणार आहे, ते एकदा ठरलं की चाकाचा व्यास, मटेरियल, ब्रेक हे सगळं त्याच्या मागोमाग ठरत जातं. खालचा क्रम तसाच ठेवलाय. ५०-६० किलोच्या ड्रिल मशीनपासून साधारण ५००-६०० किलोपर्यंत हे सगळं चालेल, त्याच्या वर गेलात तर कायमची चाकं लावायच्या भानगडीत पडू नका, पॅलेट ट्रक किंवा खाली सरकवायचे मशीन स्केट घेऊन हलवलेलं बरं.

पायरी १ : उभं कशावर राहणार

सगळ्यात आधी हे मशीन चाकांवर चालण्यासारखं आहे का ते बघा. बँडसॉ, टेबल सॉ, थिकनेसर, ड्रिल, ग्राइंडरचा स्टँड, डस्ट कलेक्टर, वेल्डिंगचं टेबल ह्यांना खुशाल चाकं लावा. पिस्टनवाला कंप्रेसर चाकांवर ठेवून चालवला तर हादऱ्याने हळूहळू स्वतःच चालायला लागतो, त्याला रबरी पायांवर टेकवायची सोय पाहिजेच. लेथचं प्रकरण वेगळं आहे. लेथच्या बेडला थोडासा जरी पीळ बसला तरी सरळ कातलेला बार एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो, म्हणून तर लोक ०.०२ मिमी प्रति मीटरची प्रिसिजन लेव्हल घेऊन बेडखाली एवढा खटाटोप करतात. असं मशीन रोज इकडून तिकडे ओढायचं नसतं. हलवावंच लागणार असेल तर चाकं फक्त हलवण्यापुरती, काम करताना पूर्ण वजन पायांवर, आणि दर वेळी हलवल्यावर लेव्हल परत तपासायची तयारी ठेवा. सरफेस ग्राइंडरला चाकं लावू नका, विषय संपला.

आता उभं राहायचे प्रकार बघू. सगळ्यात सोपा म्हणजे ब्रेकवाल्या कॅस्टरवरच उभं ठेवायचं. ह्यात एक मोठी गोम आहे जी नवीन माणसाला कोणी सांगत नाही, ब्रेक दोन जातीचे असतात. एका जातीत पेडल दाबलं की फक्त चाक अडतं, पण चाक धरून ठेवणारा जो फोर्क असतो तो वरच्या प्लेटखाली मोकळाच फिरत राहतो. चाकाचा एक्सल आणि वरची उभी पिन एका रेषेत नसतात, १०० मिमीच्या कॅस्टरमध्ये त्यांच्यात साधारण ३५-४० मिमीचं अंतर असतं, त्यामुळे चाक जाम असलं तरी मशीन त्या पिनभोवती डुलतं. चारही कॅस्टर असे असले तर चारही ब्रेक लावून मशीन हाताने हलवून बघा, लगेच कळेल. दुसऱ्या जातीत एकाच पेडलने चाक पण अडतं आणि फिरणारं डोकं पण अडतं, त्याला टोटल लॉक किंवा टोटल ब्रेक म्हणतात. मशीनसाठी हाच घ्यायचा, पहिल्या जातीचा ब्रेक ट्रॉलीला ठीक आहे.

टोटल लॉक लावूनही मशीन दगडासारखं उभं राहत नाही हे पण सांगून ठेवतो. डोक्यातल्या छर्‍यांमध्ये थोडी ढिलाई असते, चाकाचं रबर किंवा पीयू (पॉलियुरेथेन) थोडं दबतं, लॉकच्या दातात किंचित खेळ असतो, आणि हे सगळं चार ठिकाणी मिळून वर टेबलावर चांगलं जाणवतं. ड्रिल, बँडसॉ, ग्राइंडर अशा मशीनला ते चालून जातं कारण जोर बहुतेक खालच्या दिशेला असतो किंवा अगदी थोडा असतो. जिथे तुम्ही माल आडवा ढकलता, म्हणजे टेबल सॉ, सरफेस प्लेनर वगैरे, तिथे मी मशीन पायांवरच टेकवतो.

पायांवर टेकवायच्या तीन रीती आहेत. पहिली, चाकांच्या शेजारी फ्रेममध्ये जाड नट वेल्ड करून त्यात एम १६ चे लेव्हलिंग फूट किंवा जॅक बोल्ट बसवायचे, मशीन जागेवर आलं की पान्याने चारही खाली उतरवायचे, चाकं जमिनीपासून २-३ मिमी सुटली की झालं. हे सगळ्यात भक्कम आणि फरशीचा उतारही ह्यातच काढून टाकता येतो, फक्त दर वेळी वाकून पाना फिरवावा लागतो, त्यामुळे महिन्यातून एखाद वेळा हलणाऱ्या मशीनला हे बेस्ट. दुसरी रीत म्हणजे लेव्हलिंग कॅस्टर, ह्यात चाक आणि रबरी पाय एकाच बॉडीत असतात, बाजूची दातेरी चकती फिरवली की पाय खाली येतो. दिसायला भारी आणि जागा कमी खातो, पण ह्यातली चाकं बहुतेक लहान आणि कडक नायलॉनची असतात, गुळगुळीत फरशीवर मस्त आणि खडबडीत कोब्यावर डोक्याला ताप. तिसरी रीत म्हणजे पायाने दाबायच्या पेडलचे उचलणारे कॅस्टर, मशीन नेहमी आपल्या रबरी पायांवर उभं असतं, पेडल दाबलं की चाकं खाली येतात आणि मशीन थोडं वर उचललं जातं. रोज मधे आणि भिंतीला करायचं असेल तर ह्याच्यासारखं सुख नाही. ह्यात मात्र मशीनचं वजन तुमच्या पायाने उचललं जातं हे लक्षात ठेवा, वजन जास्त असलं तर पेडलवर अक्षरशः उभं राहावं लागतं, त्यामुळे क्षमता बघताना हात जरा सैल सोडा.

आणि ७०-८० किलोच्या आतलं मशीन असेल तर एवढं काहीच नको. मागच्या दोन पायांच्या मागे दोन फिक्स चाकं अशी लावा की मशीन सरळ उभं असताना ती जमिनीला टेकणारच नाहीत, २-३ मिमी वरच राहतील. पुढून हँडल धरून मशीन मागे कलवलं की चाकं टेकतात आणि ढकलगाडीसारखं नेता येतं. ब्रेक नको, पेडल नको. पण डोकं जड असलेल्या मशीनला, म्हणजे पिलर ड्रिल वगैरेला, हे करू नका, कलवलं की ते पलीकडे मागे कोसळेल.

पायरी २ : वजन खरंच किती

मशीनच्या पाटीवर किंवा मॅन्युअलमध्ये वजन असतं. नेट आणि ग्रॉस असे दोन आकडे असतील तर नेट घ्या, ग्रॉसमध्ये पेटीचं वजन धरलेलं असतं. त्यात स्टँड, नंतर लावलेला वाइस, चक (माल पकडणारे शिकंजे), खालच्या कप्प्यात कोंबलेली हत्यारं आणि मशीनवर चढणारा सगळ्यात जड जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो माल, हे सगळं मिळवा. समजा मशीन २४० किलो, फ्रेम आणि सटरफटर ३० किलो, जॉब ३० किलो, एकूण ३०० झाले.

आता हे चारने भागायचा मोह होतो, ७५ किलो प्रत्येकी. तसं करू नका. डुगडुगणारं टेबल जसं कायम तीन पायांवरच उभं असतं तसंच मशीनचं होतं, फरशी कुठेच अगदी सपाट नसते आणि एक चाक जवळपास रिकामं राहतं. म्हणून तीनने भागा, १०० किलो आले, त्यावर २५-३० टक्के वाढवा म्हणजे १२५-१३० किलो. बाजारात त्याच्या वरचा जो मिळेल तो, १५० किलोचा कॅस्टर घ्या.

हा हिशेब वजन सगळीकडे सारखं पसरलंय असं धरून आहे आणि मशीनं तशी नसतात. लेथचं हेडस्टॉकचं (चक फिरवणारं) टोक टेलस्टॉकच्या (समोरून आधार देणाऱ्या) टोकापेक्षा बरंच जड असतं, मोटर पण बहुतेक तिकडेच. तीनशेतले २०० किलो एका टोकाला असतील आणि त्या टोकाचं एक चाक खड्ड्यात गेलं तर क्षणभर का होईना दुसऱ्या चाकावर २०० किलो येतात, तेव्हा १५० चा कॅस्टर तिथे कमी पडला. त्यामुळे जड टोक माहीत करून घ्या. प्लॅटफॉर्म काटा मिळत असेल तर एक टोक काट्यावर आणि दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवून मोजता येतं, नाहीतर पहारीने दोन्ही टोकं एक-एक करून बोटभर उचलून बघा, कुठे जास्त जोर लागतो ते हाताला कळतंच. चारही कॅस्टर जड टोकाच्या हिशेबाने घ्या, दोन वेगळे नि दोन वेगळे असं केलं तर उंची जुळवत बसाल.

कॅटलॉगमधल्या आकड्याबद्दल दोन गोष्टी. तो आकडा माणसाच्या चालण्याच्या वेगाचा आणि बऱ्या फरशीचा असतो, इंडस्ट्रियल कॅस्टरचं युरोपियन स्टँडर्ड इएन १२५३२ आहे ते ताशी ४ किमीपर्यंतच्या वापरासाठीच आहे. चाक धपकन जॉइंटमध्ये पडलं तर जो दणका बसतो तो ह्यात धरलेला नसतो. आणि दुसरं म्हणजे चारच्या सेटच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं वजन कधी एका चाकाचं असतं तर कधी चारही मिळून असतं, बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका. चारही मिळून लिहिलं असेल तर त्याला चारने भागून एका चाकाचा आकडा काढा आणि मग तुमच्या १३० शी ताडून बघा.

पायरी ३ : फरशी बघा, मग चाकाचा व्यास

मशीन जिथून जिथपर्यंत जाणार तो सगळा रस्ता एकदा खाली बघत चाला. कोब्याचे जॉइंट, दाराचा उंबरठा, गटाराची जाळी, उतार, सांडलेला भुसा. लहान चाक ह्यातल्या प्रत्येक गोष्टीवर अडतं आणि ते किती अडतं हे आकड्यात बघितलं की डोळे उघडतात. धरा एका चाकावर १०० किलो आहेत आणि समोर ५ मिमीची कड आली. कडक चाक त्या कडेला टेकून उभं आहे आणि तुम्हाला ते ढकलून वर चढवायचंय, तर ५० मिमी व्यासाच्या चाकाला साधारण ७५ किलोचा आडवा जोर लागतो, १०० मिमीच्या चाकाला ४८ आणि १२५ मिमीच्या चाकाला ४३. कड कशाला, चाकाखाली आलेला २ मिमीचा लाकडाचा कपचा घेतला तरी ५० च्या चाकाला ४३ किलो आणि १२५ च्या चाकाला २६. म्हणून तर छोट्या चाकांवरचं जड मशीन ढकलताना अचानक थांबतं आणि मागून ढकलणारा माणूस त्याच्यावर आपटतो, आणि मशीन उंच असेल तर ते थांबत नाही, पुढे कलंडतं.

तर १०० किलोच्या आतलं मशीन आणि गुळगुळीत फरशी असेल तर ७५ मिमी चालेल. त्याच्या वर १०० किंवा १२५, आणि रस्त्यात उंबरठा किंवा उघडा कोबा असेल तर १२५ च्या खाली उतरू नका. ५० मिमीची चाकं खुर्च्यांना राहू द्या.

मोठं चाक म्हणजे उंची पण वाढणार. ७५ च्या कॅस्टरची एकूण उंची साधारण १०० ते १०८ मिमी येते, १०० च्या कॅस्टरची १३० च्या आसपास, १२५ ची १६० च्या आसपास. एवढं मशीन वर गेलं तर टेबल छातीशी येतं आणि वजनाचा मध्य पण वर सरकतो, मशीन जास्त डुगडुगीत होतं. ह्याचा उपाय चाक लहान करणं हा नाही, उपाय पायरी ६ मध्ये आहे.

पायरी ४ : चाक कशाचं

शंका असेल तर पीयू घ्या, म्हणजे बिडाच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा नायलॉनच्या गाभ्यावर पॉलियुरेथेनचं जाड आवरण असलेलं चाक. पीयू ९०-९५ शोर ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) च्या आसपासचं मिळतं, म्हणजे वजन पेलण्याइतकं कडक आणि फरशी सांभाळण्याइतकं नरम. तेलाला सहसा दाद देत नाही, आवाज कमी. तोटे दोन आहेत. लोखंडाचा कीस त्यात रुततो, आणि एकदा रुतला की ते चाक फरशीवर ओरखडे काढत फिरतं, शिवाय काही प्रकारचं पीयू दमट जागेत वर्षानुवर्षं राहिलं की ठिसूळ होऊन सोलवटतं.

म्हणून जिथे लेथ-मिलिंगचा कीस आणि कूलंट पडतो तिथे नायलॉन जास्त बरं, कडक असल्यामुळे कीस रुतत नाही आणि ढकलायलाही हलकं जातं. पण नायलॉन कोब्यावर खडखड करतं, आणि फरशीच्या टाइल्सवर जड मशीनखाली वापरायचं असेल तर आधी टाइल्सवर नाण्याने टकटक करत जा, जिथे पोकळ आवाज आला तिथे टाइलच्या खाली माल भरलेला नाही आणि कडक चाकाचं सगळं वजन एका चिंचोळ्या रेषेवर आलं की ती टाइल तडकणार. अशा ठिकाणी रुंद पीयू चाक घ्या. रुंद चाकाने फरशीवरचा दाब कमी होतो, फक्त जागच्या जागी वळवायला ते जड जातं.

बिडाचं चाक वेल्डिंगच्या टेबलाला. गरम ठिणग्या आणि स्पॅटरने (उडणाऱ्या वितळलेल्या धातूच्या थेंबांनी) पीयू, रबर, नायलॉन सगळी खराब होतात, बिडाला काही होत नाही आणि वजनही भरपूर पेलतं. आवाज करतं, गंजतं, कोब्याशिवाय दुसऱ्या कशावर चालवू नये. रबराचं चाक मी जड मशीनला लावणार नाही, महिनोन्‌महिने एका जागी उभं राहिलं की खालून चपटं पडतं आणि मग ढकलताना धडधड करतं, तेलात फुगतं, आणि काळं रबर फिकट फरशीवर डाग सोडतं ते वेगळंच.

बेअरिंगचं थोडक्यात. चाकात बॉल बेअरिंग असेल तर उत्तम, रोलर पण चालतं, नुसतं बुश क्वचित हलणाऱ्या मशीनला ठीक आहे. जास्त लक्ष वरच्या फिरणाऱ्या डोक्याकडे द्या. नवीन कॅस्टर एका हातात प्लेट धरून घ्या आणि दुसऱ्या हाताने चाक आडवं हलवा. टकटक असा खेळ जाणवला तर तो मशीनखाली गेल्यावर चौपट जाणवणार. डोकं हळू फिरवून बघा, छर्‍यांवरून एकसारखं सरकलं पाहिजे, मधेच खरखरलं किंवा अडलं तर परत ठेवा. छर्‍यांच्या दोन ओळी असलेलं डोकं घ्या, एकाच ओळीचं जड मशीनला लवकर सैल होतं.

पायरी ५ : फिरते किती, फिक्स किती

लांबट मशीनला एका टोकाला दोन फिक्स आणि दुसऱ्या टोकाला दोन फिरते टोटल लॉकवाले, ही माझी पहिली पसंती. सरळ रेषेत जातं, वळवता येतं, आणि थांबल्यावर फिक्स चाकांना डुलायला डोकंच नसल्यामुळे मशीन बरंच घट्ट उभं राहतं. तुम्ही ज्या टोकाला उभं राहून ढकलणार तिकडे फिरते ठेवा. फिक्स दोन्ही एकमेकांना समांतर बसले पाहिजेत नाहीतर मशीन कायम एका बाजूला ओढत राहील.

चारही फिरते तेव्हाच जेव्हा मशीन आडवं सरकवून कोपऱ्यात घालायचंय आणि पुढे-मागे करायला जागा नाही. चारही फिरते असताना उतारावर मशीन सांभाळणं फार अवघड जातं, ते आडवंच निघतं.

फिरत्या कॅस्टरची अजून एक खोड आहे जी उंच मशीनला नडते. मशीन एका दिशेला ढकलताना चाकं मागे वळलेली असतात, दिशा उलटी केली की सगळी चाकं गर्रकन फिरून दुसऱ्या बाजूला जातात आणि त्याबरोबर मशीनचे टेकण्याचे चारही बिंदू सरकतात. मघाचे ३५-४० मिमी आठवा. दोन्ही बाजूची चाकं आतल्या बाजूला वळलेली असतील तर ४०० मिमी रुंदीची बैठक एकदम ३२० ची होते. पिलर ड्रिलसारख्या वरून जड मशीनला हा फरक फार मोठा आहे. म्हणून बैठक मोजताना चाकं आत वळलेली धरूनच मोजायची, आणि मशीन जागेवर ठेवताना शेवटी थोडं असं पुढे-मागे करायचं की चाकं बाहेरच्या बाजूला वळतील, मग लॉक दाबायचा. बैठक रुंद होते आणि ब्रेकचं पेडलही पायाला सापडतं, नाहीतर ते फ्रेमच्या आत जाऊन बसतं आणि तुम्ही गुडघ्यावर बसून हात घालत बसता.

पायरी ६ : फ्रेम आणि बसवणं

कॅस्टर थेट मशीनच्या पातळ पत्र्याच्या स्टँडला कधीच लावू नका, पत्रा वाकतो, प्लेट तिरकी होते आणि तिरक्या प्लेटवरचं फिरतं डोकं कायम उताराच्या बाजूलाच वळून बसतं. खाली वेगळी फ्रेम करा. २००-३०० किलोला ५० बाय ५० बाय ५ किंवा ६ चा अँगल पुरतो, त्याच्या वर सी चॅनेल बघा.

मशीन उंच होऊ नये म्हणून युक्ती अशी की चाकं मशीनच्या खाली न लावता बाजूला लावायची. मशीन अँगलच्या चौकटीत बसतं, चौकटीचा खालचा भाग जमिनीपासून फक्त २०-२५ मिमी वर, आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून बाहेर आडवे हात काढून त्यांच्या टोकाला वर उचललेल्या ८ मिमीच्या प्लेटखाली कॅस्टर. अशाने १२५ चं चाक लावूनही मशीन इंचभरच वर जातं, शिवाय बैठक सगळ्या बाजूंनी रुंद होते, म्हणजे उंचीचा आणि कलंडण्याचा दोन्ही प्रश्न एकदम सुटले. तोटा एवढाच की बाहेर आलेल्या हातांना पाय अडखळतो, त्यामुळे जिथे तुम्ही उभे राहून काम करता त्या बाजूला हात आखूड ठेवा किंवा लांबीच्या दिशेने काढा. हे हात मुळाशी नीट त्रिकोणी पट्टी देऊन वेल्ड करा, सगळं वजन तिथेच लटकतंय.

कॅस्टर प्लेटवाला घ्या, चार बोल्टचा. मधे एकच आटे असलेला दांडा असतो तो हलक्या सामानाला ठीक, मशीन उंबरठ्यावर अडलं की तो दांडा वाकतो. एम १० चे बोल्ट, वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, हादऱ्याने न सुटणारा), भोकं लांबट असतील तर जाड वॉशर घालाच. चौकोनी पाइपमधून आरपार बोल्ट टाकत असाल तर आत नळीचा तुकडा घाला, नाहीतर आवळताना पाइप चेपतो आणि नंतर बोल्ट ढिला पडतो. आणि कॅस्टर थेट वेल्ड करू नका, एक तर उष्णतेने डोक्यातलं ग्रीस जळतं आणि छर्‍यांची वाट लागते, दुसरं त्यावरच्या झिंकच्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो, आणि तिसरं उद्या चाक बदलायचं झालं तर ग्राइंडर घेऊन बसा.

पायरी ७ : मशीन वर चढवणं

घाई करायची नाही आणि एकट्याने करायचं नाही. मशीनचा प्लग काढा, हलणारे भाग, टेबल, टेलस्टॉक वगैरे खाली किंवा मधे आणून घट्ट करा, निघण्यासारखी वजनं काढून ठेवा. पहारीने एक टोक बोटभर उचला, खाली लाकडी ठोकळा, मग दुसरं टोक बोटभर, तिथे ठोकळा, असं थोडं उचला थोडं भरा करत वर न्या. ठोकळे आडवे-उभे रचा, एकावर एक मनोरा नको. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या मशीनखाली हात घालायचा नाही, बोल्ट लावायला सुद्धा नाही. चेन पुली ब्लॉक टांगायला भक्कम जागा असेल तर सगळ्यात सोपं, पण लेथ उचलताना पट्टा लीड स्क्रूवर किंवा फीड रॉडवर (बेडच्या पुढून जाणारे लांब दांडे) येऊ देऊ नका, ते वाकले की मशीन गेलंच समजा.

पायरी ८ : पहिली फेरी आणि नंतर

पहिल्यांदा ढकलताना दोन माणसं, एक ढकलणारा आणि एक बाजूने खाली लक्ष ठेवणारा. रस्ता झाडून घ्या. हात मशीनच्या खालच्या भागाला लावा, ड्रिलचं डोकं धरून ढकलणं म्हणजे ते पाडायचा सगळ्यात सोपा मार्ग. मशीन कलायला लागलं तर धरायला जाऊ नका, बाजूला व्हा. मशीन दुरुस्त होतं.

जागेवर आणून पाय उतरवले किंवा लॉक लावले की टेबलाला दोन्ही हातांनी आडवा जोर देऊन बघा, जेवढा काम करताना लागतो तेवढा. हललं तर पाय नीट टेकलेत का बघा, चौथा पाय बहुतेक हवेत असतो. काही दिवस वापरल्यावर सगळे बोल्ट एकदा परत आवळा, पहिल्यांदा ते थोडे बसतातच. पुढे अधूनमधून एक्सलभोवती गुंडाळलेला दोरा, केस, कीस काढा, डोक्यात निप्पल असेल तर ग्रीस भरा, आणि लॉक पूर्वीसारखा कच्चकन लागतोय ना ते पायाला जाणवतंच.

वायरीचं विसरू नका. फिक्स मशीनची कडक वायर हलवून हलवून आतून तुटते, त्यामुळे फ्लेक्झिबल केबल टाका, लांबी पुरेशी आणि अर्थिंगची तार धड असलेली, आणि चाक तिच्यावरून जाणार नाही अशी वरून किंवा भिंतीने न्या. थ्री फेज मशीन नवीन सॉकेटला लावलं तर तिथे फेजचा क्रम वेगळा असू शकतो आणि मोटर उलटी फिरते. आट्यावर बसणारा चक असलेला लेथ उलटा सुरू झाला तर चक सुटून बाहेर येऊ शकतो. म्हणून नवीन जागी ब्लेड किंवा चक लावायच्या आधी बटण दाबून लगेच बंद करा आणि मोटरचा पंखा कुठल्या दिशेला फिरतोय ते बघा, उलटा असेल तर इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज अदलाबदल करून घ्या.